ब्रेकमध्ये ओतलेलं तेल

हे मी लिहावं की नाही, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पाड्यावर कुणी कधी काही लिहून छापलेलं नाही. त्यात मोटारसायकलच्या ब्रेकबद्दल लिहायचं तर ते मेकॅनिकने लिहावं. पण चूक माझी होती, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावीनंतर ती चिकूच्या वाडीत फळं निवडायच्या कामाला लागली आणि मी पुढे शिकत राहिलो. गेल्या वर्षी तिने नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज भरला. वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. मुलाखत डहाणूला, सकाळी अकराला. उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाहीत, असं पत्रातच लिहिलं होतं. बाबांच्या मोटारसायकलवरून तिला मी नेणार होतो.

चार दिवस आधी गाडी पुसताना हँडलवरच्या छोट्या डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं. आमच्याकडे तेलाचा कॅन एकच, पाण्याच्या पंपाच्या इंजिनासाठी आणलेला. दाराच्या बिजागरीला तेच, सायकलच्या चेनला तेच, विळा गंजू नये म्हणून त्यालाही तेच. मी डबीत तेच ओतलं, झाकण घट्ट बसवलं आणि हात पुसले. कुणाला सांगायचंही सुचलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आठ वाजता तलासरीहून हायवेला लागलो. अर्ध्या वाटेत गाडी मागून कुणी ओढावं तशी जड चालायला लागली. मला वाटलं, वारा असेल. चारोटी जवळ आली तसा जळका वास आला आणि पुढचं चाक अडकलं. वेग कमी होता म्हणून पडलो नाही. बाटलीतलं पाणी डिस्कवर टाकलं तर चर्र वाजलं. गार झाल्यावर चाक थोडं सुटलं आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली.

गॅरेजवाल्या काकांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "याला शेवटचा हात कोणी लावला?"

मी सीटवरची धूळ पुसायला लागलो.

ताई म्हणाली, "बाबांनीच काहीतरी केलं असेल. त्यांना भारी हौस."

"मग ब्रेकचा पिस्टन गंजला असणार. दर्यावर फिरवत असतील गाडी. बसा बेन, चाक उतरवून पिस्टन काढतो. सव्वा तास धरा."

ताईने मोबाइल बघितला. साडेनऊ होऊन गेले होते. "अकराला डहाणूला माझी मुलाखत आहे," ती म्हणाली. सर्टिफिकेटांची फाइल तिने पोटाशी धरली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. काकांनी चाकाच्या नटाला पाना लावला, तेव्हा माझ्या तोंडून एकदाचं निघालं, "काका, मी तेल टाकलं होतं डबीत."

"कसलं?"

"पंपाच्या इंजिनाचं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "शिकतोस काय?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

"केमिस्ट्री!" ते इतके हसले की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. "बेन, मुलाखतीला याला बाहेरच उभा कर हां. आत आला तर तुझंपण जाम करेल."

"घरी गेल्यावर बघते याला," ताई म्हणाली. पण तीही हसत होती.

मग काकांनी चाक उतरवलंच नाही. चाकाजवळच्या ब्रेकवर एक छोटा नट असतो, तो त्यांनी अर्धा फेरा सैल केला. काळं तेल पिचकारीसारखं उडालं आणि चाक हाताने गरगर फिरलं. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. नट सोडल्यावर चाक मोकळं होतं, म्हणजे खालचा पिस्टन चांगला आहे, दोष वर हँडलपाशी. इंजिनाच्या तेलाने आतली रबरं फुगतात, तेल माघारी जायची वाट बंद होते आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. नट पुन्हा आवळून त्यांनी पुढच्या लिव्हरला सुतळी गुंडाळली, चुकूनही बोटं जाऊ नयेत म्हणून.

"मागच्या ब्रेकवर जा. तीसच्या वर नाय. येताना डहाणूहून रबरांचा किट आण."

अकराला दहा मिनिटं कमी असताना ताई आत गेली. पावणेदोनला बाहेर आली आणि म्हणाली, "विचारलं ते सगळं सांगितलं. चला, भूक लागली."

परतताना काकांनी काम माझ्याकडूनच करून घेतलं. रबरं बदलली, नळी धुतली, नवं ब्रेक ऑइल भरलं. मी लिव्हर दाबून धरायचो, ते नट सोडायचे, बुडबुडे यायचे. ताई स्टुलावर बसून भजी खात होती आणि मध्येच "नीट दाब, केमिस्ट्री!" म्हणत होती. शेवटी लिव्हर हाताला कडक लागला आणि सोडल्यावर चाक सहज फिरलं. इतकं बरं मला परीक्षेच्या निकालानेही वाटलं नव्हतं.

नंतर तीन आठवडे काहीच कळलं नाही. ताई वाडीत जात राहिली, मी कॉलेजात. घरात कुणी विषय काढत नव्हतं. एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर तिचे चार मिस्ड कॉल. परत फोन लावला. मागे वाडीतल्या बायकांचा गलका चालला होता, तिला ओरडून बोलावं लागलं.

"अरे, नाव लागलं! एक तारखेला हजर व्हायचंय!"