मृदुंग, प्रॉपर्टी म्हणून

जाखडी हा नाच की गाणं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये, हातात चहाचा कप असताना. मिसरूड फुटल्यापासून मी जाखडी गातोय, पण असल्या शंकेने कधी छळलं नव्हतं. मृदुंगवाला आणि गाणारा मध्ये बसतात, बाकीचे भोवती फेर धरून नाचतात. यात न समजण्यासारखं काय आहे? पण ज्यांच्या घरी आम्ही बसलो होतो, त्या मराठी महोत्सवाच्या कमिटीतल्या ताईंना ते पटेना.

"भाऊ, कॅटेगरी क्लिअर हवी. फोक डान्स की फोक साँग?"

"दोन्ही, ताई."

"दोन्ही म्हणजे फ्यूजन. फ्यूजनचे स्लॉट खलास! डान्समध्ये घेते, पण डान्सला लाइव्ह म्युझिक अलाउड नाही. ट्रॅक आमच्याकडे आहे रेडी."

माझ्या शेजारी मांडीवर मृदुंग घेऊन दादा बसला होता. अल कुसैसच्या आमच्या खोलीतला सगळ्यांत मोठा, साइटवर शटरिंगचं काम करणारा, आणि महिन्याभरात कायमचा गावी निघालेला. दुबईत सगळी वर्षं त्याने मृदुंग बोटांच्या टोकांनी वाजवला, कारण जोरात थाप पडली की शेजारचे भिंत बडवायचे. जाण्याआधी एकदा स्टेजवर मोकळ्या हाताने वाजवायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं.

ताईंनी मोठ्या मनाने तोडगा काढला. "तुम्ही स्टेजवरची प्रॉपर्टी म्हणून बसा ना मध्ये, मृदुंग धरून! एकदम ऑथेंटिक वाटेल."

कार्यक्रमाच्या दिवशी ट्रॅक सुरू झाला. की-बोर्डवर तयार केलेलं ते कोकण ऐकून आमची पोरं चुकीच्या वरातीत शिरल्यासारखी एकमेकांकडे बघू लागली. प्रॉपर्टी थोडा वेळ शहाण्यासारखी बसली. मग दादाने थाप मारली. सगळ्यांचे पाय क्षणात त्याच्या हाताखाली आले, मी गळा सोडला, मागच्या रांगांतले कामगार उठून उभे राहिले. ट्रॅक बिचारा एकटाच वाजत राहिला.

आम्ही अर्थातच स्पर्धेतून बाद झालो. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरून खास आणलेले परीक्षक म्हणाले, "एनर्जी वंडरफुल, पण फॉर्मची शिस्त हवी." माझं डोकं फिरलं. दादा मात्र बसमध्ये सबंध वाट हसत होता.

तो गावी गेल्यावर कमिटीने आमचाच व्हिडिओ मिरवला, खाली 'कोकणची अस्सल परंपरा' असं लिहून. चित्र आमचं, आवाज नियमाप्रमाणे ट्रॅकचा. कुणीतरी तो गावच्या ग्रुपवर टाकला.

दादाचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"सगली बोलतायत, दुबईत ऱ्हाऊन माजा हात बिघाडला."