माझ्या बहिणीचा म्हापशाचा बाजार

नार्वे ते दिवाडी या फेरीबोटीवर मी चाक धरतो. नदी तिथे फार रुंद नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे. तेवढीच वाट मी दिवसातून कितीतरी वेळा, गेली वीस वर्षं कापतो आहे. पावसाळ्यात लाल पाण्याबरोबर वाहून येणारी झाडं चुकवली, थंडीच्या धुक्यात समोरचा काठ दिसत नसताना अंदाजाने बोट लावली. या कामात माणूस भित्रा राहत नाही, असं मला वाटायचं. मनाचे आजार ज्यांना कामधंदा नसतो त्यांना होतात, असंही माझं ठाम मत होतं. ते मत मी एकदा माझ्या धाकट्या बहिणीला ऐकवलं.

तिला हळर्ण गावात दिली आहे. नवरा सरळ माणूस. काजूची बाग, थोडे माड, दोन मुलगे शाळेत. एका वर्षी गणपतीच्या, आमच्या चवथीच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. "तुमी एकदा येवन जावा. महिनो झालो, ती खाटीवरसून उठणा. चवथीच्यो नेवऱ्यो तळूक पण उठली नाय. तुमचा तरी ऐकतली."

मी गेलो. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस विंचरलेले नव्हते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या सासूसमोर मला लाज वाटली. माहेरच्यांनी ही कसली मुलगी दिली, असं तर त्यांना वाटत नसेल ना, हाच विचार माझ्या डोक्यात. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "बाय, तुका काय कमी आसा गो? घर आसा, घोव आसा, भुरगीं आसत. ऊठ, आंघोळ कर, कामाक लाग. सगळा बरा जाता. ह्यो सगळो आळस."

ती थोड्या वेळाने उठली, चुलीपाशी गेली आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आली. मी तो चहा प्यायलो आणि काम फत्ते झालं अशा थाटात परतलो. घरी बायकोला म्हटलंसुद्धा, "जरा कोणी रागे भरलं की होतं बरोबर."

पुढची दोन वर्षं हळर्णहून तक्रार आली नाही. बहीण कामाला लागली होती. तिची सासू एकदा एवढंच म्हणाली, की हल्ली हिला महिन्यातून एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं वेड लागलंय. सकाळच्या बसने जाते, दुपार उलटून येते आणि पिशवीत बघावं तर चवळीची एक जुडी आणि थोडी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. आम्ही हसलो.

मग एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्या बाबतीत जे व्हायचं ते झालं. पाणी स्थिर होतं. बोटीवर चार-पाच स्कूटर, एक गाडी, पाटी घेतलेली एक मासेवाली. आम्ही नदीच्या मध्यावर असताना माझ्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. हाताची बोटं बधिर झाली. श्वास घेतोय, पण आत काही जात नाही. आपण आता मरतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी वरून हाक मारली. खाली इंजिनवर असलेला माझा जुना सहकारी धावत वर आला, त्याने चाक घेतलं. मी केबिनच्या फळीवर बसून राहिलो. बोट काठाला लागली. उतारूंना काही कळलंही नाही.

इस्पितळात छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला. सगळं ठीक. दहा दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा कागद काढला, पुन्हा ठीक. तिसऱ्या वेळी तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "काळीज चांगलं आहे तुमचं. हा भीतीचा झटका, पॅनिक अटॅक. मनाच्या डॉक्टरांना दाखवा." तसं लिहून दिलेला कागद मी घडी करून खिशात घातला आणि कोणालाच दाखवला नाही. वीस वर्षं नदीवर काढलेल्या माणसाला कशाची भीती?

पण भीती होती. झटक्याचीच. बोटीवर चढायच्या विचाराने हातपाय गार पडत. रजा टाकायला लागलो. स्कूटर चालवणं सोडलं. माझी बायको शांत स्वभावाची. एका सकाळी ती खाटेपाशी येऊन प्रेमाने म्हणाली, "उठा बघू. आंघोळ करा, कामाला लागा. बरं वाटेल." तिला काय माहीत, ते वाक्य माझं होतं. मी ते जसंच्या तसं एका माणसाला सांगून आलो होतो. ते ऐकल्यावर आत काय होतं, ते मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी हळर्णला निघालो. तीन बस बदलाव्या लागल्या. प्रत्येक बसमध्ये दाराजवळची जागा धरली. पोचलो तेव्हा बहीण मागच्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. नवरा बागेत होता, सासू आत झोपली होती. मी पायरीवर बसलो आणि सरळ सांगून टाकलं. नदीवर काय झालं, खिशातला कागद, आणि मग म्हणालो, "बाय, चवथीच्या वेळी मी तुला जे बोललो, ते चुकलं माझं."

ती सोलं पसरतच राहिली. रागावली असेल असं मला वाटलं. मग तिने हात पुसले आणि विचारायला लागली, "तुका नीज येता? जेवण जाता? झटको येवच्या आदी भय दिसता, की मागीर? मरूचे विचार येतत?"

कुणा डॉक्टरनेही मला इतकं नीट विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला हे सगळं कुठून माहीत?"

ती आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. वर सुईदोरे, बटणं. त्याखाली गोळ्यांच्या पट्ट्या.

"माझीं वखदां," ती म्हणाली. "दोन वर्षां झालीं."

त्या चवथीनंतर दाढ दुखली म्हणून ती आरोग्य केंद्रात गेली होती. रांग मोठी होती. समोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला: झोप लागत नाही का, कशातच आनंद वाटत नाही का, जगणं नकोसं वाटतं का. वेळ जात नव्हता म्हणून तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला. सगळ्या प्रश्नांना तिचं उत्तर होय होतं. दाढ काढून झाल्यावर तिने तिथल्या नर्सला हळूच विचारलं, आणि नर्सने तिला म्हापशाला मनाच्या डॉक्टरबाई कधी बसतात ते सांगितलं. घरी सांगायचं काय? शुक्रवारचा बाजार सांगायचा.

"एकटी जात होतीस?"

"मग कोणाक सांगूचा? तुका?" ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारी ती मला म्हापशाला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. माझी मान तर खालीच होती. बहीण मात्र दोघीतिघींशी ओळखीने बोलली, कोणाच्या मुलाची परीक्षा विचारली. डॉक्टरबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. गोळी दिली, श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं. झटका आला तर त्याच्याशी मारामारी करू नका म्हणाल्या, तो चढतो तसा उतरतो. मी घाबरत विचारलं, "चाक धरू ना?" त्या म्हणाल्या, "आताच नको. साहेबांना सांगा आणि थोडे दिवस खालचं काम घ्या."

फेरीच्या साहेबांना सांगणं हे झटक्याहून अवघड गेलं. त्यांनी डॉक्टरबाईंचा कागद वाचून परत दिला आणि तीन महिने मला खाली गाड्या लावण्याच्या कामावर घातलं. रोजचे उतारू विचारत, "आज वर नाही?" पहिले काही दिवस मी पाठीचं दुखणं सांगितलं. मग एकदा शाळेत शिकवायला जाणाऱ्या एका बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं होईल हो," आणि स्कूटर पुढे घेतली. बस, इतकंच. मी उगाचच आभाळ कोसळायची वाट बघत होतो.

चौथ्या महिन्यात चाक पुन्हा हातात घेतलं. जुना सहकारी शेजारी उभा होता. मध्यावर छाती थोडी धडधडली. मी श्वास हळूहळू सोडत राहिलो. पलीकडचा धक्का जवळ आला, दोर पडला, रॅम्प खाली गेला.

आता दर महिन्याला आम्ही दोघं म्हापशाला जायचो, तेव्हा बहिणीच्या नवऱ्याला संशय येणारच. तिनेच त्याला सांगितलं. तो आजाराने नाही, लपवल्याने दुखावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "गोळी जेवच्या आदी की मागीर?" सासूने मात्र देवळात जाऊन कौल लावला. देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे होकार. घरी येऊन तिने जाहीर केलं, की देव म्हणतो औषध चालू ठेव. पाकळी डावीकडे पडली असती तर काय, हे आम्ही कोणीही तिला विचारलं नाही.

गोष्ट इथे गोड संपवता आली असती. पण गेल्या पावसाळ्यात, आता बरं वाटतंय म्हणून बहिणीने आपल्याच मनाने गोळ्या सोडल्या आणि महिन्याभरात ती पुन्हा खाटेला खिळली. या वेळी मला तिनेच फोन केला. आवाज बारीक होता. "दादा, परत आयला," एवढंच म्हणाली. मी गेलो, खाटेपाशी खुर्ची घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गप्प बसान तू थकतलस." मी म्हटलं, "नाही थकत." त्या दिवशी ती उठली नाही. तिच्या नवऱ्याने पेज करून आणली, तिने चार घास खाल्ले. डॉक्टरबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि उठायला तिला पाच आठवडे लागले.

सध्या ती बरी आहे. माझी गोळी अर्ध्यावर आली आहे. नवरात्रात तिच्या गावच्या बायकांच्या बैठकीत आरोग्य केंद्राची माणसं माहिती सांगायला आली होती, तेव्हा ही मागून उठून म्हणाली, की मला हा आजार आहे, कोणाला काही विचारायचं असेल तर माझ्या घरी या. बैठकीत कोणी काहीच विचारलं नाही. दोन दिवसांनी शेजारच्या वाड्यावरची एक बाई अबोली मागायच्या निमित्ताने अंगणात आली. अबोलीची फुलं तोडून झाली तरी ती निघेना. बहिणीने तिला पायरीवर बसायला जागा करून दिली.