देवघरातला उंच नळ

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट माहीत नाही.

लातुरात घर बांधलं तेव्हा नकाशा मीच काढून इंजिनिअरला दिला. मला मापांची हौस. आम्ही दोघे भाऊ, दोघांचे संसार आणि आई – दहा माणसं. वडील गेल्यावर आईचं मागणं एकच होतं, घरात चूल एक राहू द्या. मी हो म्हटलं. आणि वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीला लागून, दहा बाय आठचं देवघर दाखवलं. आईसाठी. लिंगपूजा झाल्याशिवाय ती चहाही घेत नाही.

घर झाल्यावर तिने विचारलं, "देवघरात नळ? आन् एवढा वर कामून रे?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी, माय. पूजेची भांडी धुवायला वाकायला नको."

किती सहज बोललो मी. गुडघ्यांची एवढी काळजी होती, तर देवघर खाली का नाही केलं? हे तिने विचारलं नाही. कठडा धरून रोज जिना चढत राहिली, आणि आल्यागेल्याला वर नेऊन नळ दाखवू लागली. उदगीरची मावशी तिथेच आपल्या मुलाला म्हणाली, "बघ जरा. तुला टाइलचा रंग सुचला, मायचे गुडघे न्हाई सुचले." त्या बिचाऱ्याने नव्या घरात तसाच नळ बसवून घेतला.

आता सांगतोच. तो नळ स्वयंपाकाच्या ओट्याच्या मापाने बसवला होता. भावापासून वेगळं व्हायचं आणि त्या खोलीत आपली चूल मांडायची – हे पाया खोदण्याआधीच ठरलं होतं माझं. आईला शब्द देतानाच. भावाशी वैर होतं का? नाही. त्याच्याकडे खाणारी तोंडं जास्त, माझ्याकडे कमी – एवढंच.

वेगळा झालो नाही. मुलं एकत्र जेवायला सोकावली, धंदा बरा चालला, आजचं उद्यावर गेलं. अजून आम्ही एका पंगतीला बसतो आणि मी सुखात आहे. पण त्यात माझा चांगुलपणा कुठे आहे?

गेल्या महिन्यात पुतण्याचं लग्न ठरलं. घर वाढवायचं, आईला खाली खोली करायची. धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, नकाशा तुम्हीच काढा. तुम्हाला समद्यांचा इचार असतो." शेजारी बसलेल्या आईने मान डोलावली.

मी "काढतो" म्हणालो, आणि पेन्सिल घेतली.