सोन्याच्या शेअरचा कौल

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, रेशीम घेताना बघावं. लडीतला एक धागा ओढायचा, बोटांत ओला करायचा, तोडून बघायचा आणि नाक मुरडून लडी व्यापाऱ्याकडे परत सरकवायची. वडगावातले रेशीम-व्यापारी त्याला वचकून असतात. अशा माणसानं परदेशातल्या एका चिमुकल्या कंपनीचे शेअर घेतले. तिची खाण नाही, कारखाना नाही. ती नुसती जमिनीत भोकं पाडून सोनं शोधत होती. आणि घेतले कशावरून? देवीनं कौल दिला म्हणून! मूर्तीला ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. उजवीकडचं पडलं.

पैसे वहिनीच्या कानांसाठी ठेवलेले होते. आमच्याकडे पॉवरलूम घरातच, स्वयंपाकघराला लागून. त्या खडखडाटात तिचं लग्नापासूनचं आयुष्य गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जेवढं ऐकू येणं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते वाचवायचं तर माग घराबाहेर काढा. मागे शेड बांधायची ठरली होती.

"तेच पैसे डबल करून बांधतो की," अण्णा म्हणाला.

मग आमच्या घरात कंपनीचं पुराण सुरू झालं. जेवताना भोकं, चहाला भोकं. दर भोकानंतर कंपनी कळवायची की चिन्हं आशादायक आहेत. पैसे संपले की ती नवे शेअर काढायची आणि आमचा वाटा पाहुणे वाढल्यावरच्या आमटीसारखा पातळ व्हायचा. मी समजावून थकलो. माझ्या बँकेतल्या नोकरीला या घरात काडीची किंमत नाही, हे मला तेव्हा कळलं.

एकदा खरोखरच एका भोकात सोनं लागलं आणि भाव दुपटीवर गेला. मी धावत घरी गेलो. "अण्णा, आत्ताच्या आत्ता वीक. शेड उभी राहतीय!"

"देवीनं घे म्हटलंय. वीक कुठं म्हटलंय?"

"मग विचार तिला!"

विचारलं. डावीकडचं पडलं. मी देवळाच्या पायरीवरच कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या भोकांत नुसता दगड निघाला. भाव घसरत गेला. अण्णा महिन्यामहिन्यानं कौल लावत राहिला आणि वहिनी दर महिन्याला थोडी अधिक मोठ्यानं बोलू लागली.

परवा उजवं फूल पडलं. अण्णानं शेअर विकले. आलेल्या पैशात शेडचा पत्रासुद्धा आला नसता.

आम्ही घरी आलो तेव्हा वहिनी मागाकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. अण्णा तिच्यासमोर बसला. "सगळं गेलं गं," म्हणाला. तिला कळलं नाही. माझा संताप झाला. निदान एवढं तरी तिला नीट ऐकू जावं म्हणून मी आत जाऊन एकेक माग बंद केला. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अण्णानं पुन्हा सांगितलं.

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत हसली. "जरा मोठ्यानं बोला की वो," ती ओरडली, "माग चालू हायत न्हवं?"