घोंगडी सोडून सगळं उकळलं

"स्केबीज आहे," इंदापूरच्या डॉक्टरबाई माझ्या बोटांच्या बेचक्या बघत म्हणाल्या. मग शेजारी बसलेल्या माझ्या मालकांकडं वळल्या. "तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं होतं ना? घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, अंथरूण-पांघरूण उकळायचं. हिला सांगितलं नाहीत?"

मालक भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत बसले.

स्केबीज म्हणजे खरूज. डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत शिरून राहतो. अंगाला अंग लागून पसरतो, अंथरुणातूनही लागू शकतो. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला कळेल असं डॉक्टरबाईंनी समजावलं. मला रडू आलं, पण ते खरजेचं नव्हतं.

मी परभणीकडची. लग्न होऊन इंदापूरकडच्या कळस गावात आले आणि खाज सुरू झाली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या येईल-जाईल त्याला सांगत, "म्हायारनंच आणलीया ही घाण." माझं अंथरूण शेळ्यांच्या छपराकडं गेलं. हिला घेऊन जा, असा माझ्या भावाला निरोप गेला. बारामतीला कामाला असताना तिथल्या खोलीवर ही खरूज लागलेले मालक तेव्हा तिथंच बसून चहा पीत होते.

दवाखान्यातनं घरी आल्यावर मी फक्त औषधाचं आणि धुण्याचं सांगितलं. बाकीचं मालक बोलतील म्हणून थांबले. ते बोललेच नाहीत.

चुलीवर हंडा चढवला. चादरी, अभ्रे, अंगावरचे कपडे उकळले. गोधड्यांवर उकळतं पाणी ओतलं. भिजलेली गोधडी पिळायला दोघं लागतात, पण माझ्याबरोबर टोक धरायला कुणी येईना. मग दगडावर टाकून पायानं तुडवल्या. उशा उसवून कापूस पत्र्यावर उन्हात पसरला, वर जुनं लुगडं बांधलं, नाहीतर वाऱ्यानं उडतो. संध्याकाळी सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत पांढरं औषध लावलं. चुणचुणतं, पण पुसू नका.

खुंटीवरची मालकांची घोंगडी तेवढी राहिली.

"घोंगडी धुत्यात व्हय गं?" आत्या म्हणाल्या. "तिला इटाळ नसतोय."

सासरचं घर मूळचं मेंढपाळांचं; मेंढरं गेली तरी या घरात घोंगडीचा मान होता. मीही ती खुंटीवरच राहू दिली. मालकांनी त्याच रात्री ती पांघरली.

खाज परत आली. आता आत्याही खाजवू लागल्या आणि त्यांची जीभ आणखी सुटली. मी एकटीच यष्टीनं इंदापूर गाठलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धुवायची नसेल तर नका धुऊ. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आठवडाभर उघडू नका. आणि सगळ्यांनी परत औषध लावा."

"देवाची वस्तू पिशवीत कोंबायची?" आत्या कडाडल्या. "ही जाईस्तोवर काय खाज जायची न्हाय!"

सासरे, म्हणजे आबा, फार बोलत नाहीत. त्यांनी घोंगडी खुंटीवरनं काढली. "बाळू, ही बारामतीला तूच नेली हुतीस नव्हं? तुला कवापासनं खाजतंय रं?"

मालक उठून चपला शोधायला लागले.

"बायकू छपरात निजती. बोल की."

"लग्नाच्या आदीपासनं."

"मंग तोंडात काय गूळ धरला हुतास?" आत्यांनी कपाळावर हात मारला.

"लग्न मोडलं असतं."

आबांनी स्वतः घोंगडी पिशवीत घातली, सुतळीनं तोंड बांधलं. त्या संध्याकाळी सगळ्यांनी परत औषध लावलं. माझं अंथरूण आत्यांनीच आत आणलं. माफी कुणी मागितली नाही. भाऊ आला तो पाहुणचार घेऊन एकटाच परत गेला.

बायांनो, औषधानंतरही काही दिवस खाज राहते, घाबरू नका. पण कमी होण्याऐवजी वाढायला लागली, तर परत दाखवा. डॉक्टरबाईंचे आणि आबांचे उपकार मी विसरणार नाही. माझं अंग स्वच्छ झालं, संसारही सावरला. आता विचारलं की मालक खरं सांगतात. तरीही दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर आत जाते आणि त्यांनी जे सांगितलं तेच डॉक्टरांना पुन्हा विचारते.