सतरा एकांची वही

कंपनी बंद पडली त्या दुपारी बाबा अर्धी तपासलेली खेप टेबलावर सोडून घरी आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं, निदान एक काम पुरं करून जायचं. काम निवडलं ते असं: सतरा वेळा एक लिहून जी संख्या होते, तिला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कशाने भाग जातो का, हे हाताने शोधायचं. बाकीची माणसं कुंड्या लावतात.

कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की हिला भागणारी मूळ संख्या चौतिसाच्या पटीहून एकाने मोठीच असते. बुवापाड्याच्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून ते एकशेतीनपासून निघाले. दिवसाला पाच भागाकार, वहीवर वही. मोबाइलला हात लावायचा नाही, हे माझ्याकडून वदवून घेतलेलं. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही, हा त्यांचा कंपनीतला नियम. म्हणून तपासणी माझ्याकडे. उल्हासनगरच्या दुकानातून मी दमून यायची, चहा टाकायची आणि नऊ टाकून पडताळा घ्यायची. आकड्यांच्या बेरजा दोन्हीकडे जुळल्या की लाल टिक.

सातव्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार दिवस धरू नका. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी शब्द मोडला. उत्तर लगेच आलं. २०७१७२३ ने भाग जातो. त्यानंतरचा भाजक थेट अब्जांत.

पहिला आकडा आम्ही दीड वर्षापूर्वीच ओलांडला होता. घरी येऊन ती वही काढली. तिसऱ्या पायरीला बाकी ६६७५८३ हवी होती, तिथे ६६७५३८ लिहिलेलं. तोंडाने त्र्याऐंशी म्हणताना हाताने तीन आधी लिहिला असणार. आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणून पडताळा जुळला. शेजारी माझी टिक. पुन्हा भागून बघायला दहा मिनिटं लागली असती, पण मला उरकायची घाई होती.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, हा परत बघा ना."

त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकलं आणि त्या दोन आकड्यांवर थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी माझी टिक पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"तू चेक केलंयस ना? मग ओके आहे."

त्यांना कळलं होतं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग. त्यांनी चालू वही ओढली आणि पुढचा भागाकार मांडला. आता त्यांच्या हयातीत कशानेही भाग जाणार नव्हता.

संध्याकाळी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी पाचही भागाकार पायरी-पायरीने पुन्हा केले. एकही चूक नव्हती. पाच टिका करून मी वही परत दिली.