सातवीतली मावशी

माझी नात सध्या जी पुस्तकं वाचते, त्यांत पहिल्या दहा-वीस पानांतच मोठी माणसं नाहीशी होतात. कधी साथ येते, कधी युद्ध, कधी सरकारच त्यांना कुठेतरी नेऊन ठेवतं. मग उजाड शहरात पंधरा-सोळा वर्षांची पोरं उरतात आणि जगाचं काय करायचं ते ठरवतात. मी एकदा विचारलं, "अगं, यांचे आईबाप कुठे गेले?" पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "आजी, ते असले तर मुलांना काही करूच देणार नाहीत. मग गोष्ट कशी होणार?"

हे ऐकायला आक्का हवी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जाऊन पाच महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की दिवसाला चार ओळी होतात, त्यांतल्या दोन मी खोडते. ही एक हकिकत मात्र हसल्याशिवाय आठवत नाही, म्हणून तीच आधी घेते.

खर्ड्याजवळच्या आमच्या गावातली मोठी माणसं बहात्तरच्या दुष्काळात अशीच नाहीशी झाली होती. फरक एवढाच की ती रोज संध्याकाळी परत यायची. उजाडता उजाडता आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. म्हातारी माणसं गुरांबरोबर छावणीत. शाळा सकाळची, अकरा वाजता गुरुजी सायकलवर बसले की गाव आमचं.

पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशी भर दुपारी येई आणि विहिरीत रिकामा होई. तेच पाणी पुढचे तीन दिवस पुरवायचं. पाणी पोचलं याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या वहीत मोठ्या माणसाचा अंगठा लागे. तेवढ्यासाठी एक आजोबा गावात मागं ठेवले होते. दिवसभर ते पारावर झोपत, टँकर आला की उठून अंगठा देत आणि परत झोपत. एके दिवशी नेमकी त्यांची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून ते सकाळीच खर्ड्याला गेले, आणि आज टँकरचा दिवस आहे हे दुपारी धुरळा दिसेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरोघरी कळशीच्या तळाला ओंजळभर पाणी होतं. टँकर तसाच गेला असता तर संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसांना घोटभर द्यायला काही नव्हतं.

वेषांतराची कल्पना माझी. मी नऊ वर्षांची होते आणि राजे लोक वेष पालटून हिंडतात हे नुकतंच वाचलं होतं. आक्का तेरा वर्षांची, पण आईपेक्षा उंच. आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून तिला आईचं लुगडं गुंडाळलं. कासोटा काही जमेना, म्हणून मागं सुतळी बांधली. कपाळाला आईसारखं मोठं कुंकू लावलं आणि पदर थेट हनुवटीपर्यंत ओढला.

"मोठं माणूस कुठंय?" ड्रायव्हर खाली उतरला.

"ही काय, मावशी हाय की," आम्ही एका सुरात म्हणालो.

त्यानं शाईचा पॅड पुढं केला. "द्या मावशी, अंगठा द्या."

इथं आक्का चुकली. वर्गात तिचं अक्षर पहिलं. असा हात अंगठा कसा देईल? तिनं पॅड बाजूला सारला, त्याच्या खिशातलं पेन घेतलं, पूर्ण नाव लिहिलं, वर पट्टीनं मारल्यासारखी रेघ ओढली आणि पेपरावर लिहितो तसं सवयीनं खाली लिहिलं, 'इयत्ता सातवी'.

ड्रायव्हरनं अक्षरं जुळवत ते वाचलं. एकदा वहीकडं, एकदा लुगड्याकडं बघितलं.

"मावशी, तुमाला लेकरं किती? का ती बी सातवीतच हायेत?"

आमच्यातलं एक बारकं फिदीफिदी हसलं आणि सगळं संपलं.

"मोठं माणूस न्हाई तर पानी न्हाई," तो केबिनमध्ये चढत म्हणाला. "खोटी नोंद घावली तर माजी नोकरी जाईल, बाई."

मी रडकुंडीला आले. "आक्का, दे की अंगठा!"

"अंगठा दिला तरी खोटंच की ते." तिनं पदर मागं टाकला. घामानं सगळं कुंकू कपाळभर झालं होतं. ड्रायव्हरला म्हणाली, "खरं लिवून दिलं तर चालंल का?"

उत्तराची वाट न पाहता तिनं हातातल्याच वहीत नावाच्या वर लिहिलं, 'आज गावात मोठे माणूस नाही. पाणी आम्ही मुलांनी विहिरीत ओतून घेतले.'

"आन् सायबानं इचारलं तर?"

"तर म्हनावं, या. आमी कुटं चाललोय?"

तो हसला. त्यानं केबिनचं दार परत उघडलं. मग म्हणाला, "बरं. पन त्या सातवीवर काट मार."

"न्हाई. खाडाखोड केली की गुरुजी मार्क कापत्यात."

तो उतरला आणि त्यानं पाइप विहिरीत सोडला. पाण्याचा आवाज आला तशी आम्ही सगळी कठड्याला चिकटलो. आक्काला धड वाकताही येईना, सुतळी काचत होती.

नातीच्या पुस्तकांत पोरं हत्यारं उचलतात, राज्यं उलथतात. त्यांतली एखादी उंच मुलगी नुसती खरं लिहून पाणी मिळवते का, हे मी तिला विचारणार आहे.

पुढच्या खेपेला गालाची सूज उतरलेले आजोबा अंगठा पुढं करून तयार उभे होते. ड्रायव्हर त्यांना ओलांडून म्हणाला, "ती सातवी कुठंय?"

"म्हंजी? गावात मोठं मानूस म्या हाय का न्हाई?" आजोबा भडकले.

पिठाचे हात परकराला पुसत आक्का आली. शांतपणे सही केली, आणि वही त्यांच्यापुढं धरत म्हणाली, "आजोबा, हितं खाली द्या अंगठा. साक्षीदार म्हनून."

आजोबांनी तिच्याकडं बघितलं, पॅडवर अंगठा दाबला आणि तिच्या नावाखाली नीट उठवला.